बोर्डाच्या कागदावरचा एक रकाना

डिसॅबिलिटी पेन्शन नाकारल्याचे रेकॉर्ड ऑफिसचे, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचे, पत्र जेमतेम पानभर असते, आणि त्यातले कामाचे वाक्य एकच असते: अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही. इंग्रजी आद्याक्षरे जोडून फौजेत याला ‘नाना’ म्हणतात. साताऱ्याच्या अपशिंग्यापासून सांगलीच्या जतपर्यंत कुठल्याही घरात हे पत्र आले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे तीस टक्के दिलेत, मग पेन्शन का नाही?’

गफलत इथेच होते. टक्के आणि कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बोर्डाच्या कागदावर त्यांचे रकानेही वेगळे आहेत. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या जवानाला अपंगत्वाचा हिस्सा मिळायचा तर अपंगत्व किमान २० टक्के हवे, शिवाय ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेत वाढलेले असल्याचे मान्य व्हायला हवे. आपल्या भागातले बहुतेक अर्ज पहिल्या अटीवर भांडतात आणि दुसरीवर पडतात. ‘माझी पाठ फार दुखते, टक्के वाढवा’ असे चार पानी अपील लिहिले जाते. पत्रात टक्क्यांबद्दल तक्रारच नसते, त्यामुळे त्या चार पानांचा काही उपयोग होत नाही.

आधी पैशाचा हिशेब, म्हणजे भांडण कशासाठी आहे ते कळेल. शेवटचे हिशेबी वेतन, म्हणजे मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे आणि लागू असेल तो क्लासिफिकेशन किंवा ग्रुप पे, सगळे मिळून ५०,००० रुपये धरा. शंभर टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे दरमहा १५,००० रुपये. तीस टक्के अपंगत्वाला ४,५०० रुपये. आता ब्रॉड बँडिंग, म्हणजे टक्के वरच्या ठरलेल्या टप्प्यावर नेण्याचा नियम, लावा: ५० पेक्षा कमी असेल ते ५०, ५० ते ७५ असेल ते ७५, आणि ७६ ते १०० असेल ते १०० धरले जाते. तीसचे पन्नास झाले की ४,५०० चे ७,५०० होतात, वर महागाई भत्ता. नेहमीची पेन्शन वेगळी चालूच राहते. युद्धजन्य जखमेचा हिशेब याहून वरचा आहे. तिथे निवृत्तीनंतर शंभर टक्क्यांना हिशेबी वेतनाचे ६० टक्के मिळतात.

ब्रॉड बँडिंगचे आदेश ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने निघाले, पण ते अपंगत्वामुळे मुदतीआधीच बाहेर काढलेल्यांसाठी होते. पूर्ण मुदत करून आलेल्यांना तो लाभ सर्वोच्च न्यायालयाच्या १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने मिळाला. म्हणून जुन्या माजी सैनिकांनी आपला पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, काढून टक्क्यांची ओळ वाचावी. कारण मान्य झालेले आहे, अपंगत्वाचा हिस्साही चालू आहे, पण तिथे अजून ३० किंवा ४० च दिसत असेल, तर तुमचे काम सगळ्यांत सोपे आहे. तुम्हाला ‘नाना’ची लढाई लढायचीच नाही.

बाकीच्यांनी रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे डिस्चार्जच्या वेळच्या तपासणीचा, पूर्ण कागद हातात घ्यावा. फॉर्मचे नाव एएफएमएसएफ-१६. अनेकांकडे त्याची प्रत नसते आणि नकाराच्या पत्रासोबतही तो सबंध येत नाही. प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून मिळते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला. साताऱ्याहून किंवा मिरजेहून बेळगाव गाडीने जवळ, म्हणून लोक समक्ष जाऊन खिडकीवर विचारतात. तोंडी विचारण्याने फाइल हलत नाही, आणि महत्त्वाचे म्हणजे तारीख कुठे नोंदली जात नाही. साधा माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आर्मी नंबर, हुद्दा, डिस्चार्जची तारीख. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्याकडे माहिती अधिकाराचे पहिले अपील.

अर्जात मोघम ‘माझे मेडिकल कागद द्या’ असे लिहू नका, एकेक नाव घ्या: बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, वैद्यकीय कॅटेगरी पहिल्यांदा खाली आली तेव्हाचा बोर्ड, हॉस्पिटलची केस शीट, नकाराचा मूळ निर्णय. जखम असेल तर आयएएफवाय-२००६ हा जखमेचा अहवाल आणि झाली असल्यास कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशीचे कागद. हृदयविकार असेल तर त्रास सुरू होण्याआधीच्या चौदा दिवसांत काय ड्युटी होती त्याचे युनिटने भरलेले पत्रक. मानसिक आजार असेल तर कमांडिंग ऑफिसरने भरलेला एएफएमएसएफ-१०.

कागद आला की तो मागून वाचायला सुरुवात करा. बोर्डाच्या अभिप्रायात प्रत्येक आजारासमोर ‘सेवेमुळे – हो/नाही’, ‘सेवेत वाढला – हो/नाही’ आणि त्यापुढे कारण लिहायची जागा असते. हाच तो रकाना. तिथे बहुधा अर्धीच ओळ असते: ‘आजाराची सुरुवात पीस स्टेशनमध्ये (शांत भागातल्या छावणीत), फील्ड (सीमेवरचा किंवा कारवाईचा भाग) किंवा हाय अल्टिट्यूडशी (अति उंचावरचा भाग) निकटचा संबंध नाही.’ कधी ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे शरीराच्या मुळातल्या घडणीमुळे, एवढा एकच शब्द, कधी काहीच नाही. तुमचे सगळे अपील या अर्ध्या ओळीवर उभे राहणार आहे, म्हणून ती जशीच्या तशी उतरवून घ्या.

मग पुढची पाने. जवानाच्या निवेदनाच्या भागात कुठून कुठपर्यंत, कुठे नोकरी झाली आणि ते ठिकाण पीस की फील्ड असा तक्ता असतो. तो घाईत भरला जातो. डिस्चार्ज जवळ आलेला, घरचे वेध लागलेले, क्लार्क सांगेल तिथे सही. त्यामुळे दोन चुका वारंवार सापडतात. एक, फील्डची पोस्टिंग पीस म्हणून पडते किंवा दहशतवादविरोधी राष्ट्रीय रायफल्समधला काळ गळून मूळ युनिटच्या नावावर जातो. दोन, ‘भरतीआधी हा त्रास होता का’ या प्रश्नापुढे न समजता ‘हो’ लागते. दुसरी चूक जड जाते, कारण पुढचा सगळा कायदा ‘भरती झाला तेव्हा माणूस तंदुरुस्त होता’ या गृहीतकावर उभा आहे. अजून नोकरीत असलेल्या पोरांना गावातल्या कुणी सांगायचेच असेल तर हे सांगावे: बोर्डाच्या आदल्या दिवशी आपल्या पोस्टिंगची यादी तारखांसह कागदावर लिहून घे, आणि तक्ता स्वतः वाचल्याशिवाय सही करू नकोस.

आता अपिलात काय लिहायचे. पाया धरमवीर सिंग निकालाचा, २०१३ चा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतर झालेला आजार सेवेमुळे झाला असे धरायचे. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी जवानाची नाही, सरकारची. शंकेचा फायदा जवानाला. आणि ‘भरतीच्या तपासणीत हा आजार कळू शकला नसता’ असे बोर्डाला म्हणायचे असेल तर त्याची कारणे लिहावी लागतात. २०२५ मध्ये राजूमोन टी. एम. प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा पुढे नेला: कारणे नसलेल्या वैद्यकीय अभिप्रायावर विसंबून पेन्शन नाकारता येत नाही. मात्र नुसते निकालांचे उतारे चिकटवू नका. आधी आपला रकाना, मग आपल्या नोकरीच्या तारखा, मग निकाल, असा क्रम ठेवा.

ब्लड प्रेशर आणि टाइप २ मधुमेह यांत बोर्ड जवळजवळ नेहमी ‘पीस स्टेशन’वर बोट ठेवतो. लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा काउंटर इन्सर्जन्सी (बंडखोरीविरोधी कारवाईच्या) भागात सुरू झालेले बीपी ‘सेवेत वाढलेले’ मानले जाते. पण आजार कळला ती तारीख म्हणजे सुरू झाला ती तारीख नव्हे. फील्डवरून परतल्यावर पहिल्या वार्षिक तपासणीत बीपी सापडले असेल, तर फील्ड सुटल्याची तारीख आणि निदानाची तारीख शेजारी शेजारी मांडा. मधले अंतर महिन्यांत लिहा. ‘कठीण परिस्थितीत देशसेवा केली’ यापेक्षा ‘फील्ड सुटल्यावर पाच महिन्यांनी निदान’ हे वाक्य फाइलवर बसलेल्या माणसाला कळते.

जखमेत कारण सोपे असते आणि कागद अवघड. पीटी, परेड, युनिटचे सांघिक खेळ हे ड्युटीतच मोडतात, पण आयएएफवाय-२००६ भरला गेला नसेल तर ते दाखवायचे कशाने? अशा वेळी हॉस्पिटलच्या केस शीटवरच्या पहिल्या दोन ओळी उपयोगी पडतात. दाखल करताना डॉक्टरने विचारून लिहिलेला ‘व्हॉलीबॉल खेळताना गुडघा मुरगळला’ हा तपशील वर्षानुवर्षे फाइलमध्ये पडून असतो.

सुट्टीतल्या अपघातांबाबत आपल्याकडे फार गैरसमज आहेत. युनिटमधून सुट्टीच्या गावी येतानाचा आणि परत हजर होतानाचा प्रवास ड्युटी धरला जातो. पुणे–बेंगळुरू महामार्गावर एसटीचा अपघात झाला तर रेल्वे आणि एसटीची तिकिटे, सुट्टीचा दाखला, पोलिसांचा पंचनामा आणि पहिल्या दवाखान्याचा कागद एकत्र ठेवा. वेळा जुळल्या पाहिजेत. सुट्टी सुरू असताना यात्रेला जाताना मोटारसायकलवरून पडणे ही वेगळी गोष्ट. मंजूर सुट्टी ड्युटी मानली तरी जखमेचा सैनिकी सेवेशी काही संबंध दाखवावा लागतो, आणि तो तिथे सहसा दाखवता येत नाही. असा दावा ‘हमखास करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

सिव्हिल हॉस्पिटलच्या दिव्यांग प्रमाणपत्राचेही तेच. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या सरकारी रुग्णालयाचे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचे, कार्ड एसटीच्या सवलतीला आणि राज्याच्या योजनांना चालते. लष्कराच्या पेन्शनला त्यावरचे टक्के लागू होत नाहीत. मिरजेच्या तज्ज्ञाचा अहवाल अपिलाला जोडायला हरकत नाही, पण आजचा एमआरआय पंधरा वर्षांपूर्वीचे कारण सांगत नाही. टक्क्यांवरच खरा वाद असेल तर अपिलात पुन्हा वैद्यकीय तपासणी मागता येते. ती दोन्ही बाजूंना जाऊ शकते, हे धरून मागा.

मुदतीचे गणित सरळ आहे. नकारापासून सहा महिन्यांत पहिले अपील, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, लष्कर मुख्यालयातल्या समितीकडे. तेही फेटाळले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवरच्या समितीकडे. दोन्ही स्पीड पोस्टने, पावती आणि पोचल्याची नोंद छापून. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाचा मसुदा आणि पत्ते मिळतात, ते जरूर घ्यावेत. मात्र निर्णय त्यांच्या हातात नसतो आणि त्यांनी पुढे पाठवलेल्या पत्राने मुदत थांबते असे समजू नये.

त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्यासाठी मुंबई खंडपीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. अपिलावर सहा महिने उत्तरच आले नाही तर वाट बघत बसायची गरज नाही, तेवढ्यावर जाता येते. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, कारण पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानतात. फक्त थकबाकीला कात्री लागते: २००८ च्या तरसेम सिंग निकालाच्या आधारे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच रक्कम द्या, असे सरकारी वकील मागतोच. वीस वर्षे गप्प बसण्याची किंमत ती. मराठीतला पंचनामा किंवा दवाखान्याचा कागद असेल तर इंग्रजी अनुवाद जोडावा.

वकिलाशी फी आधी ठरवा, ठरावीक रकमेत आणि लिहून. ‘आता काही देऊ नका, थकबाकीतले अर्धे आमचे’ हा सौदा बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. तरी तो होतो, आणि करणारा बऱ्याचदा वकीलही नसतो.

डिस्चार्जची तारीखही एकदा बघून घ्या. २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले आहेत. त्यानंतर घरी आलेल्याने जुन्या माणसाचे अपील नाव बदलून वापरू नये. स्वतःहून मुदतीआधी पेन्शन घेतलेल्यांसाठी १ जानेवारी २००६ ही तारीख महत्त्वाची. २९ सप्टेंबर २००९ च्या पत्राने त्या दिवसापासूनच्या लोकांना अपंगत्वाच्या हिश्श्याचा हक्क दिला.

आदेश बाजूने लागला की रेकॉर्ड ऑफिसकडून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयात जाते आणि दुरुस्त पीपीओ ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर दिसतो. त्याआधी आधार, पॅन आणि सर्व्हिस रेकॉर्डमधले नाव अक्षरन् अक्षर जुळते का ते पाहून ठेवा; ‘शिंदे’चे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे असले की मंजूर रक्कमही अडकते. आदेश मिळूनही पीपीओ निघाला नाही तर त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. आणि पीपीओ निघाला की बँकेत किती जमा झाले ते बघण्याआधी तीन ओळी वाचा: टक्के पन्नास, पंचाहत्तर की शंभर, कोणत्या तारखेपासून, आणि पुढे ‘आजीवन’ लिहिले आहे की काही वर्षांपुरते.