कोणतं घर काढू?

पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत जुलै महिन्यात आठवीच्या ३४ मुलांसाठी आठवणी लिहिण्याची कार्यशाळा घेतली. दोन तासिका जोडून ७० मिनिटं मिळाली होती.

'आठवण लिहा' एवढंच सांगितलं की मुलं निबंध लिहितात. 'माझी आजी खूप प्रेमळ आहे' असं चौतीस कागदांवर येतं. म्हणून विषय द्यायचाच नाही. कोरा कागद आणि पेन द्यायचं, खोडरबर दप्तरात. आधी दहा मिनिटं घराचा नकाशा: दार कुठे, चूल कुठे, पाण्याचा माठ कुठे, कोण कुठे झोपतं. काही घडलं असेल त्या जागी फुली. मग ते शेजारच्याला तीन मिनिटांत सांगायचं आणि त्यानं तीनच प्रश्न विचारायचे. तेव्हा हातात काय होतं? वास कसला होता? कोण काय म्हणालं? 'तुला कसं वाटलं' हा प्रश्न वर्ज्य. त्याला 'छान' किंवा 'वाईट' एवढंच उत्तर येतं आणि गोष्ट तिथेच संपते.

त्या दिवशी नकाशापाशीच अडलं. मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "सर, कोनतं घर काढू?"

त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास निघायचं, उन्हाळा लागला की परत. वर्षाचे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावरची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, हेच घर. आमच्या सूचनेत एकच, कायमचं घर गृहीत धरलेलं होतं. चूक आमची. सूचना बदलून फळ्यावर लिहिली: जिथे झोपत होतात ती कोणतीही जागा. त्यानं कोपी काढली: वाकवलेले बांबू, वर चटई आणि प्लास्टिक, चूल बाहेर. फुली दारात.

मग बारा मिनिटं न थांबता लेखन. त्यानं लिहिलं होतं, 'वडील म्हणाले, बाळा ऊठ, गाडी आली आहे.' शेजारच्या मुलीनं तिसरा प्रश्न पुन्हा विचारला. तो म्हणाला, "ऊठ रे, गाडी उनी." मग तेच लिही, असं सांगितल्यावर त्यानं वर्गशिक्षकांकडे पाहिलं. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन फिरवायचं नाही, हे शिक्षकांशी आधीच ठरवून घ्यावं लागतं ते यासाठीच. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, ते त्यांच्या बोलीतच, हे वर्गाला सांगितलं. त्यांची लेवा बोली, तुमची अहिराणी. त्यानं ओळ खोडून पुन्हा लिहिली. खोडलेली ओळही वाचता येत होती, आणि शिकवायला तीच जास्त उपयोगी पडली.

पुढे तोडणी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, ती फिटली नाही म्हणून पुन्हा तिकडेच जाणं, आणि आईनं कोयता गुंडाळलेलं फडकं. शेवटी 'म्हणून शिक्षण महत्त्वाचे आहे' अशी ओळ होती. शेवटची ओळ झाकून वाचायला सांगतो, तसं सांगितलं. ती त्यानं स्वतःच काढली.

शिक्षकांना हा कागद भित्तिपत्रकावर हवा होता, चांगल्या मनानंच. पण त्यात घरचं कर्ज होतं, मुकादमाचं नाव होतं, आणि मुकादम शेजारच्याच गावचा. मुलाला वर्गाबाहेर नेऊन विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नकाशा लावा. लिखान नको."

नकाशा लावला. आता सुरुवातीलाच दोन कागद देतो: एक घरी न्यायचा, एक भिंतीसाठी. कोणता कुठला, हे मूल लिहून झाल्यावर ठरवतं.