बीसी-३४८: आधी गळती तपासा, मग करंट द्या

बीसी-३४८ हा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी विमानांचा रिसीव्हर. आठ व्हॉल्व्ह, २८ व्होल्ट डीसी, २०० ते ५०० किलोहर्ट्झ आणि १.५ ते १८ मेगाहर्ट्झ. मधली मीडियम वेव्ह त्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे ७६५ किलोहर्ट्झवरचं धारवाड आकाशवाणी लागलं नाही म्हणून सेट मेला असं धरून कुणी उघडायला घेऊ नये.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळाभर माळ्यावर राहिलेल्या सेटमध्ये ओल मुरलेली असते. शॅसी (सेटचा धातूचा सांगाडा) लाकडी पेटीत ठेवून आत ४० वॅटचा साधा बल्ब दोन दिवस जळू द्या. हेअर ड्रायर किंवा हीट गन नको, कॉइलवरचं मेण वितळतं. बँड स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनर ब्रशनेच लावा. गंज सोडवायचे स्प्रे तिथे मारू नका, त्यांचा तेलकट थर धूळ धरतो.

आता कंडेन्सर. सगळं काम खरं तर इथेच आहे. जुन्या पेपर कंडेन्सरची व्हॅल्यू मीटरवर बरोबर दिसते, पण २०० व्होल्ट पडले की तो गळतो. तपासायची रीत अशी: कंडेन्सरचं एक टोक सोडवा, २०० व्होल्ट डीसी सप्लाय, कंडेन्सर आणि डीसी व्होल्टवर ठेवलेला डिजिटल मीटर सिरीजमध्ये जोडा. मीटरचा रोध सहसा १० मेगओहम असतो, म्हणजे १० व्होल्ट दिसले तर गळती १ मायक्रोअँपिअर आणि कंडेन्सरचा रोध १९० मेगओहम. बायपास कंडेन्सरला (नको असलेला सिग्नल शॅसीकडे वळवणाऱ्याला) एवढं चालतं.

आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या जाळीला) जाणारा कपलिंग कंडेन्सर मात्र न तपासता बदला. समजा तो २० मेगओहमवर आलाय, मागे १५० व्होल्ट आहेत आणि ग्रिड रेझिस्टर ५०० किलोओहम आहे. ग्रिडवर साडेतीन व्होल्टच्या वर पॉझिटिव्ह चढतं. बायस (ग्रिडवरचं निगेटिव्ह व्होल्टेज) तेवढा कमी होतो, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो मिळणं व्हॉल्व्हपेक्षा अवघड. नवीन कंडेन्सर ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घ्या.

बायपास कंडेन्सर पत्र्याच्या डब्यांत असतात. डबा फेकू नका. मागून उघडून नवे आत बसवा, वरून सेट मूळचाच दिसेल. जुन्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, म्हणून हातमोजे घाला आणि तेल गटारात ओतू नका. कार्बन रेझिस्टरची व्हॅल्यू वयाने वाढते. २० टक्क्यांपलीकडे गेलेले काढा.

डायनामोटर (२८ व्होल्टपासून जास्त व्होल्टेज बनवणारा मोटर-जनरेटर) विकू नका, जागेवरच राहू द्या. त्याऐवजी बाहेरून दोन सप्लाय द्या: हीटरसाठी २४ व्होल्ट, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि एचटीसाठी, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणाऱ्या जास्त व्होल्टेजसाठी, २२० व्होल्ट डीसी. एचटीची मायनस बाजू शॅसीला जोडण्याआधी तुमच्या मॉडेलचा सर्किट डायग्राम बघा. हीटर सिरीज-पॅरलल आहेत, म्हणून सेट चालू असताना व्हॉल्व्ह उपसू नका. उरलेल्यांवर जादा व्होल्टेज येतं. आधी फक्त हीटर, मग डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) एचटी ५०-५० व्होल्टने वर. मेनमध्ये ४० वॅटचा सिरीज बल्ब ठेवा. पूर्ण एचटीवर साधारण ६० ते ७० मिलिअँपिअर जातात. ८० च्या वर गेले तर लगेच बंद करून शोधा.

अलाइनमेंट, म्हणजे ट्यून्ड सर्किट जुळवणं, शेवटी, अर्धा तास तापल्यावर. आयएफ (सेटच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) ९१५ किलोहर्ट्झ, पण क्रिस्टल फिल्टर ज्या फ्रिक्वेन्सीवर टोक दाखवतो तिथेच बाकीचे ट्रिमर जुळवा, सिग्नल जनरेटरच्या आकड्यावर नाही. स्क्रू ड्रायव्हर प्लॅस्टिकचा. आधीपासून जुळलेले आयएफ कॅन उगाच फिरवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. नव्वद टक्के दोष कंडेन्सरमध्ये सापडतो. डायलच्या नॉबचा शाफ्ट झिजला असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर नवा करून घेता येतो.

ऐकताना हेडफोन आजचे ३२ ओहमचे थेट लावू नका. आउटपुट ३०० किंवा ४००० ओहमचं आहे, मध्ये मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवा. दहा-बारा मीटर तार अँटेनाला पुरते. सात मेगाहर्ट्झवरचे हॅम (हौशी रेडिओवाले) ऐकायला स्विच एमव्हीसीवर (हाताने गेन ठेवायच्या जागी), सीडब्ल्यू (मोर्स) ऑसिलेटर चालू, गेन खाली, आणि मगच हळूहळू ट्यून करा. वळवाच्या दिवसांत ढग दिसले की अँटेना काढून ठेवा.