बेदाण्याच्या वहीतला शुक्र

फेब्रुवारीत बेदाण्याच्या शेडवर होतो. द्राक्षं सुकायला जाळीवर पडून चार दिवस झाले होते आणि मागं असल्या हवेत सुकायला किती दिवस लागले होते ते बघायचं होतं, म्हणून जुन्या वह्या काढल्या. २०१७ ची वही उघडली. १६ फेब्रुवारीच्या पानावर द्राक्षं बुडवायच्या द्रावणात कार्बोनेट किती, डिपिंग ऑइल किती, बायकांची हजेरी, आणि कडेला माझ्याच अक्षरात : ‘मावळतीला शुक्र फार मोठा दिसतोय.’

मान वर केली. बांधावरच्या लिंबाच्या डाव्या अंगाला, तारेच्या खांबावर हातभर, तो होताच. तारीख १६ फेब्रुवारी २०२५.

सहज म्हणून २००९ ची वही शोधली. तिच्या पाठीला वाळवी लागली होती, पण फेब्रुवारी शाबूत होता. ‘संध्याकाळी चांदणी दिव्यासारखी.’ त्या साली मी नुकताच बाग हातात घेतला होता, आकाशातलं काही कळत नव्हतं. तरी लिहून ठेवलं, म्हणजे तेव्हाही नजर अडकली असणार. २००९, २०१७, २०२५. दर आठ वर्षांनी तोच महिना, तीच दिशा, तोच लिंब.

थोरली नववीत आहे. तिनं पाटावर वही ठेवून गुणाकार केला. शुक्राला सूर्याभोवती एक फेरी मारायला २२४.७ दिवस लागतात. तेरा फेऱ्यांचे झाले २९२१ दिवस. आपली आठ वर्षं म्हणजे २९२२. एका दिवसाचा फरक! आपण आठ वेळा फिरून जिथं येतो, तिथंच शुक्र तेरा वेळा फिरून येतो, म्हणून आपल्या बांधावरून बघताना तो पुन्हा त्याच लिंबाजवळ. ‘पप्पा, पण तो थोडा लवकर येत असणार,’ ती म्हणाली. खरंच येतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून जायची त्याची वेळ आठ वर्षांत दोन-अडीच दिवस अलीकडं सरकते. २०१७ ला २५ मार्च, यंदा २३ मार्च.

हे कळल्यावर २०१२ ची सकाळ नव्यानं उलगडली. ६ जूनला शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणजे शुक्र सूर्याच्या तबकडीवरून सरकताना दिसणार होता. वेल्डिंगच्या दुकानातून १४ नंबरची काच आणली होती. ढगांच्या फटीतून सूर्य दिसला तो वाटीएवढा, आणि त्यावर मोहरीएवढा काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा गोल आहे, हे मनात बसायला मला बराच वेळ लागला. त्याआधीचं अधिक्रमण ८ जून २००४ ला झालं होतं. आठ वर्षं, दोन दिवस अलीकडं. तेच गणित. २०२० च्या जूनमध्येही शुक्र सूर्याजवळून गेला, पण त्याची वाट आपल्या वाटेशी सुमारे ३.४ अंशांनी कलती आहे, त्यामुळं तो तबकडी चुकवून बाजूनं निघून गेला. पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये. माझ्या नातवंडांची नातवंडं बघतील.

आमचे आजोबा, आण्णा, घड्याळ वापरत नव्हते. शुक्र कासराभर वर आला की मोट जुंपायची, हा त्यांचा हिशेब. ज्या महिन्यांत पहाटे शुक्र नसे, तेव्हा तिकांडं, म्हणजे मृगातल्या एका रेषेतल्या तीन चांदण्या, बघायचे. आमच्या वाट्याला मोट नाही, पंपाची रात्रीची लाईट आहे. एका आठवड्यात लाईट दिवसा, दुसऱ्यात रात्री. बारा-एकला पाणी धरायला गेलो की शुक्र कधीच सोबतीला नसतो. तो सूर्यापासून ४८ अंशांच्या पलीकडं जातच नाही. आपल्या आतल्या रिंगणातून फिरणारा ग्रह आहे, सूर्यापासून १०.८ कोटी किलोमीटरवर. त्यामुळं एकतर दिवस मावळल्यावर तीनेक तास, नाहीतर उगवायच्या आधी तीनेक तास. आणि त्याचं रिंगण सगळ्या ग्रहांत जास्तीत जास्त गोल. सूर्याजवळ आला काय, लांब गेला काय, फरक दीड टक्क्याच्या आतच.

आता मला सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो, आणि इतका सावकाश की एका गिरकीला २४३ दिवस लागतात. वर्षापेक्षा गिरकी मोठी. उलट्या फिरण्यामुळं तिथं सूर्य पश्चिमेला उगवतो, आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले ११७ दिवस जातात. द्राक्षवाल्याला हा आकडा नवा नाही. ऑक्टोबरात फळछाटणी घेतली की साधारण १२० ते १३० दिवसांत माल हाताशी येतो. म्हणजे शुक्रावर सकाळी काडी छाटली, तर डोळे फुटणं, फुलोरा, विरळणी, मण्यात पाणी उतरणं, हे सगळं एकाच दिवसात आणि एकाच रात्रीत. दुसऱ्या सकाळी घड गोडीला आलेला.

अर्थात तिथं काडी टिकायची नाही. जमिनीवर ४६५ अंश तापमान. आमच्या मांडवाच्या जीआय तारेवरचा जस्ताचा मुलामा ४२० अंशांना वितळतो. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, आणि तिचा दाब आपल्या ९२ पट. आमची बोअर ६५० फूट. अशा पावणेपाच बोअरी एकाखाली एक जोडून तोंडापर्यंत पाण्यानं भरल्या, तर तळाला जेवढा दाब येईल तेवढा. १ मार्च १९८२ ला रशियनांचं व्हेनेरा १३ तिथं उतरलं, १२७ मिनिटं काम केलं, फोटो पाठवले आणि मग उष्णतेनं थांबलं.

ढग गंधकाम्लाचे. हे वाचलं तेव्हा शेडमधला वास नाकात आला. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतो, तेव्हा कागद टाकलेल्या शेडजवळ गेलं की घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येतं. तो जळल्या गंधकाचा वायूच तिथं वरच्या हवेत, सूर्याच्या उजेडात, पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल बनतो. ते ढग ऊन परत फेकतात, चार हिश्श्यांतला तीन हिस्से उजेड माघारी. म्हणून तर चांदणी इतकी लखलखीत. आकारानं म्हणाल तर पृथ्वीची सख्खी बहीण, १२,१०४ किलोमीटर व्यास, आपल्याहून साडेसहाशेनं कमी. वजन थोडं हलकं लागेल. आमचा १५ किलोचा बॉक्स स्प्रिंगच्या काट्यावर तिथं साडेतेरा भरेल.

८ मार्चला मेव्हण्याची दुर्बीण आणली. दिवस मावळून दहा मिनिटं झाली होती, आभाळ अजून निळं. खांबाला दुर्बीण टेकवून पोरीनं बघितलं आणि गप्पच झाली. मग मी बघितलं. बारीक कोर. बीजेच्या चंद्रासारखी, पण अगदी छोटी आणि पांढरी. तो आपल्याकडं येत होता, उजेडाची बाजू सूर्याकडं वळलेली, आपल्याला तिची कड तेवढी दिसत होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मावळतीला दिसेनासा झाला. बेदाणाही तोवर शेडवरून उतरला होता.

आई आयुष्यभर म्हणत आली की पहाटेची चांदणी वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. आता एप्रिल आहे, खरड छाटणी चालली आहे, आणि शुक्र उगवतीला आला आहे. परवा पहाटे पाचला तिला हाताला धरून अंगणात आणलं. पूर्वेला गोठ्याच्या पत्र्यावर तो स्वच्छ दिसत होता.

‘हीच व्हय ती?’

‘हीच.’

‘मग मधी कुठं गेलती?’

‘आपल्यात आन् सूर्यात आलती. उन्हात दिसत नाही.’

बराच वेळ ती बघत उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन. मग म्हणाली, ‘आण्णांना सांगायला पायजे हुतं.’

त्या दिवशीची वहीतली नोंद : पहाटे ५, शुक्र पूर्वेला. आईनं बघितला. खालच्या तुकड्याला दोन तास पाणी.