विहिरीचं पाणी, तिसऱ्यांचे शिंपले आणि माझे ओरांडा: पावसाळी अपडेट

मंडळी, मे नंतर आता थेट ऑगस्टमध्ये लिहितोय. टँक तोच, ४ बाय दीड बाय दीड फूट, पाणी साधारण २२० लिटर, दोन ओरांडा आणि एक रायुकिन (दोन्ही गोल्डफिशच्या जाती). घर गोव्यात फोंड्याच्या बाजूला, पाणी आमच्या विहिरीचं.

उन्हाळा निभावला. दुपारी पाणी ३१ डिग्रीवर जायचं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून दोन एअरस्टोन रात्रंदिवस चालू, वर एक फॅन, दाणे निम्मे, बस.

खरा घोळ पावसात झाला. जूनच्या शेवटी बघतो तर लाल टोपीवाला ओरांडा कोपऱ्यात तळाला बसून, पंख अंगाला चिकटलेले, दाणे टाकले तरी वर येईना. पाणी एकदम काचेसारखं, फिल्टर व्यवस्थित चालू, टँक वर्षभर जुना, त्यामुळे सायकल (माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया फिल्टरमधले बॅक्टेरिया खाऊन त्याचं कमी घातक नायट्रेट करतात ती साखळी) बिघडली असेल असं डोक्यातच आलं नाही. टेस्ट केली तर अमोनिया १ पीपीएम आणि पीएच ६! मे मध्ये ७.२ होता.

मग केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, तोच पीएच धरून ठेवतो) मोजला, जेमतेम १ डिग्री. तिथे सगळं लक्षात आलं. आपल्याकडे जांभ्या दगडातलं पाणी मुळातच मऊ, त्यात पाऊस लागला की विहीर भरते आणि पाणी आणखी पातळ होतं. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनिया खाताना पाण्यातला कार्बोनेटही संपवत जातात, तो संपला की पीएच घसरतो आणि ६ च्या आसपास आला की तेच बॅक्टेरिया जवळजवळ काम बंद करतात.

आता महत्त्वाचं, हे नीट वाचा. अशा वेळी घाईघाईत सोडा ओतू नका. पीएच कमी असताना अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात असतो, तो माशाला तेवढा बाधत नाही, पण पीएच एकदम चढवला की त्याचंच विष होतं आणि तासाभरात मासे जाऊ शकतात. म्हणून मी चार दिवस दाणे पूर्ण बंद केले आणि सकाळ-संध्याकाळ २० टक्के पाणी बदललं, तेही विहिरीच्याच साध्या पाण्याने. अमोनिया ०.२५ च्या खाली आल्यावरच खायच्या सोड्याला हात लावला (धुण्याचा सोडा नव्हे). १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच साधारण १ डिग्री वाढतो, म्हणजे माझ्या टँकला साडेसहा ग्रॅम, रोज तेवढाच, मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू. चौथ्या दिवशी केएच ५.

पण रोज सोडा कोण मोजत बसणार, कायमचा उपाय हवा होता, आणि तो स्वयंपाकघरातच निघाला. तिसऱ्यांचे (खायच्या शिंपल्या) शिंपले! नुसता कॅल्शियम कार्बोनेट. आईला सांगून ठेवलं होतं की सुकं केलंस की शिंपले टाकू नकोस, आणि श्रावणात घरात मासळी बंद म्हणून आधीच अर्धा किलो साठवले. ब्रशने घासले, दोनदा उकळले, मांसाचा कण राहू दिला नाही (राहिला तर परत अमोनिया), हातोडीने जाडसर फोडले आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये, पाणी थेट त्यावरून जाईल असे. पाणी आम्लधर्मी झालं की हे जास्त विरघळतात, पीएच वर गेला की विरघळणं कमी होतं, म्हणून मला सोड्यापेक्षा हेच जास्त भरवशाचं वाटतं.

कालचं रीडिंग: पीएच ७.४, केएच ५, अमोनिया शून्य, नायट्रेट २०. टोपीवाला आता मी समोर आलो की काचेला येऊन चिकटतो, खरंच इतकं बरं वाटतं बघून. रायुकिन मात्र दाणे खाल्ल्यावर थोडा तिरका तरंगतो, त्याला दोन दिवसांपासून उकडून साल काढलेला वाटाणा देतोय, चवथीच्या धावपळीआधी फरक पडला तर लिहीन. विहिरीचं पाणी वापरणाऱ्या कोणी केएच मोजला असेल तर आकडा नक्की टाका, डिचोली-सत्तरीकडचे असाल तर हवाच आहे मला.