शाओशिंगची छ्यू जिन आणि तिच्या दोन मैत्रिणी

शाओशिंगला लोक जातात ते लू शुन या लेखकाचं घर बघायला, काळ्या छपराच्या होड्यांतून कालव्यात फिरायला आणि तिथली तांदळाची पिवळी दारू चाखायला. मी शांघायहून निघाले ती छ्यू जिनसाठी, चीनच्या चिंग राजवटीविरुद्ध उठावाची तयारी करणाऱ्या क्रांतिकारक बाईसाठी. तिच्याविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून तिचं घर बघायचं मनात होतं. आगगाडी बदलत दुपारच्या आत पोहोचले. गल्लीच्या तोंडाशी आंबवलेलं तोफू तळत होते, त्याचा उग्र वास बराच वेळ ओढणीला राहिला.

हचांगथांग हे तिचं घर ता शान नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, चौकामागे चौक. लू शुनच्या घराकडे रांगा लागलेल्या, आणि इथे माझ्याखेरीज एक आजी आणि तिची शाळकरी नात, एवढीच माणसं. छ्यू जिनच्या खोलीत भिंतीआड एक चोरकप्पा आहे. त्यात ती क्रांतिकारकांचे कागद आणि शस्त्रं लपवत असे. नात त्याच्यासमोरून हलायलाच तयार नव्हती. मीही नव्हते.

मी मात्र जास्त वेळ अडकले ते तिच्या नावापाशी. घरच्यांनी ठेवलेलं नाव ग्वेइजिन. त्यातलं ‘ग्वेइ’ हे अक्षर म्हणजे घरातली बायकांची आतली खोली. आपल्या भाषेत माजघर. जपानला शिकायला गेल्यावर तिने नावातून ते माजघर काढून टाकलं. नुसती जिन उरली. शिवाय ‘जिंगशिओंग’ असं आणखी एक नाव घेतलं, म्हणजे पुरुषांशी टक्कर देणारी. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्या मुलीचं नवं नाव लिहितात आणि ती ते निमूट वाचते. माझ्या आजीचंही तसंच झालं होतं. म्हणून त्या एका अक्षराशी मी इतकी थबकले असेन.

घरच्यांनी तिचं लग्न हुनान प्रांतातल्या एका श्रीमंत घरात लावून दिलं होतं. एक मुलगा, एक मुलगी. नवऱ्याच्या नोकरीमुळे बिऱ्हाड बीजिंगला आलं आणि तिथे शेजारी भेटली वू झीयिंग, नामांकित सुलेखनकार. तिच्या घरी नवी वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं येत. १९०४ मध्ये छ्यू जिनने दागिने विकले, मुलांना मागे ठेवलं आणि एकटी तोक्योला गेली. मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून ते घट्ट बांधायची तिथे रीत होती; लहानपणी बांधलेले आपले पाय तिने सोडले होते. मुलांना सोडून जाण्याबद्दल तिला कुणी दोष दिला तर मला राग येतो. देशासाठी घर सोडणाऱ्या पुरुषांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

१९०६ मध्ये ती परतली आणि नानशुन गावच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली. तिथली मुख्याध्यापिका शू झीहुआ. कवयित्री, तरुणपणीच विधवा झालेली. दोघींची गट्टी जमली ती कायमची. जानेवारी १९०७ मध्ये छ्यू जिनने शांघायमध्ये बायकांसाठी मासिक काढलं. त्याचे दोनच अंक निघाले. पण त्यात तिने आपल्या बहिणींना उद्देशून जे लिहिलं ते पंडिती भाषेत नव्हतं, साध्या बोलीत होतं, कारण बायकांना ते कळायला हवं होतं. तिचं म्हणणं असं: केसांतली फुलं म्हणजे सोन्या-जेडच्या बेड्या, रेशमी वस्त्रं म्हणजे जरीचे दोरखंड, काहीतरी विद्या, काहीतरी कसब शिका आणि स्वतःच्या कमाईवर उभ्या राहा. त्याच वर्षी चिंग दरबाराने मुलींच्या शाळांसाठी पहिल्यांदा नियम केले, आणि त्याच वर्षी तिला मारलं.

दातोंग शाळा घरापासून फार लांब नाही, चालतच गेले. नाव शाळेचं, पण आत उठावाची तयारी चाले. १९०७ च्या सुरुवातीला ती या शाळेची प्रमुख झाली. ६ जुलैला तिचा साथीदार शू शीलिन याने आनछिंगमध्ये आनह्वेइ प्रांताच्या सुभेदाराला गोळ्या घातल्या. तो पकडला गेला आणि धागा इथपर्यंत आला. तिला सावध केलं गेलं होतं. तिने विद्यार्थ्यांना पांगवलं आणि स्वतः थांबली. १३ जुलैला सैनिकांनी शाळेला वेढा घातला. १५ जुलैच्या पहाटे श्युआनतिंगखौ या चौकात तिचा शिरच्छेद केला. ती तेव्हा तिशीच्या आसपासची होती. जबाबाच्या कागदावर तिने शरदातल्या वाऱ्यापावसाने जीव पिळवटतो, एवढीच एक ओळ लिहिली असं सांगतात. छ्यू म्हणजे शरद; ओळीत तिचं आडनावही आलं.

त्या चौकात १९३० साली उभारलेलं स्मारक आहे. चहूबाजूंनी दुकानं आणि विजेच्या दुचाक्यांची ये-जा. मी कडेला उभी राहिले, पण दोन मिनिटांवर थांबवेना.

दुसऱ्या दिवशी हांगझोऊ. पश्चिम सरोवराच्या काठी, शीलिंग पुलाजवळ तिची समाधी आहे. वर पांढऱ्या संगमरवरात ती उभी, एका हातात तलवार, दुसरा कमरेवर. सगळे तिचाच फोटो काढतात. मला आठवत होत्या त्या दुसऱ्या दोघी. मरणाच्या काही महिने आधी छ्यू जिन आणि शू झीहुआ इथे आल्या होत्या आणि जी मागे राहील तिने दुसरीला शीलिंगपाशी पुरायचं असं ठरलं होतं. उठावासाठी पैसे हवेत म्हटल्यावर शू झीहुआने आपलं सोनं काढून दिलं. छ्यू जिनने बदल्यात हातातल्या हिरव्या जेडच्या बांगड्या दिल्या.

शिरच्छेदानंतर घरचे लोक जीव मुठीत धरून लपलेले. शव ताब्यात घ्यायला कुणी पुढे येईना. त्या हिवाळ्यात शू झीहुआ बर्फ पडत असताना नदी ओलांडून शाओशिंगला गेली आणि तिने शवपेटी हलवण्याची व्यवस्था केली. वू झीयिंगने तिच्याबरोबर जागेची सोय केली. १९०८ च्या सुरुवातीला मैत्रिणीला इथे पुरलं. समाधीच्या लेखाचा मजकूर शू झीहुआचा, अक्षर वू झीयिंगचं. सरकारला हे सहन झालं नाही. वर्ष संपायच्या आत समाधी उखडायचा हुकूम निघाला. पेटी पुढे हुनानला गेली, चिंग राजवट उलथवणाऱ्या १९११ च्या क्रांतीनंतर परत आली, १९६४ मध्ये पुन्हा हलवली आणि १९८१ मध्ये आत्ताच्या जागी आली.

मी पुलावर बराच वेळ बसले. खाली पाण्यात कमळाची पानं होती. १९२७ मध्ये शू झीहुआने त्या बांगड्या छ्यू जिनच्या मुलीला परत दिल्या. वीस वर्षं जपून ठेवल्या होत्या. मुलगी पुढे विमानविद्या शिकायला अमेरिकेला गेली.