मशीननं 2.8 दाखवलं होतं

पोळ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट आहे. आमच्या कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सोमवारी ऑफिसातून एक लांबलचक मेसेज येतो, कोण परीक्षा पास झालं, कोणाची बदली, कोणाच्या घरी पोरगं झालं, सगळं एकातच. त्या सोमवारी त्यात माझं नाव होतं, भंडारा-गोंदिया भागाचा साइट इन्चार्ज म्हणून. त्याखाली अंगठ्यांचा नुसता पाऊस, हार्दिक अभिनंदन, पार्टी कधी भाऊ, वगैरे. मी पण सगळ्यांना हात जोडलेले पाठवून राहिलो होतो. त्याच मेसेजच्या शेवटी एक ओळ होती जी मी नीट वाचली पण नाही, बुधवारी तुमसरकडच्या एका राईस मिलमध्ये प्रॅक्टिकल ट्रेनिंग, सगळ्यांनी आपापली मशीन घेऊन पहाटे 5 ला निघायचं. पोळा तोंडावर असताना ट्रेनिंग ठेवणारा माणूस एकतर विदर्भातला नसतो नाहीतर त्याच्या घरी बैल नसतात, एवढंच माझं तेव्हा मत झालं.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो, कारण गावात अजून लोक मला मशीन दुरुस्त करणारा समजतात. कारखान्यातल्या टाक्या, पाईप, बॉयलर, क्रेन हे न तोडता तपासायचं. कुठं भेग आहे का, पत्रा किती झिजला, वेल्ड बरोबर आहे का. मी आयटीआय फिटर, लाखनी तालुक्यातला, हेल्पर म्हणून लागलो, मग या तपासणीच्या परीक्षा, आधी लेव्हल 1, मग लेव्हल 2 केली. दरवर्षी डोळ्याची तपासणी पण असते, ते बारीक अक्षर जवळून वाचायला देतात, आमच्यातले एक जुने दादा त्यातच अडकले अन् चष्म्यावर आले, त्यांना लोक अजून चिडवतात. सगळ्यात जास्त काम जाडी मोजायचं. छोटं मशीन, वायरला प्रोब म्हणजे पत्र्यावर टेकवायचं टोक, जागा पॉलिश पेपरनं घासायची, सीएमसी पावडरची पेस्ट लावायची, प्रोब टेकवला की आवाजाची लाट पत्र्यात जाते, मागच्या बाजूला आपटून परत येते, त्या वेळेवरून मशीन जाडी सांगते. लोखंडात आवाज सेकंदाला 5900 मीटरच्या आसपास पळतो, म्हणजे हिशोब मशीनच करते, आपण फक्त आकडा लिहायचा. हे 'फक्त' पुढं मला महागात पडलं.

तर बुधवारी दोन बोलेरोत आम्ही 11 जण. भंडाऱ्याला थांबून तर्री पोहे खाल्ले, त्याशिवाय सरांनी पण गाडी पुढं जाऊ दिली नसती. सर म्हणजे आमचे लेव्हल 3, चंद्रपूरच्या पॉवर हाऊसात आयुष्य काढलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की नागपुरात एसी हॉलमध्ये ट्रेनिंग घेतलं की पोरं झोपतात, म्हणून पावसाळ्यात बंद असलेल्या बॉयलरवरच शिकवायचं. मिलचे शेठ पण खुश, फुकटात पुन्हा एकदा तपासणी होऊन राहिली होती. अन् ती मिल माझीच होती. म्हणजे मागच्या वर्षी तिथला जाडीचा रिपोर्ट माझ्या सहीचा. बॉयलरच्या दाराशीच तिथले फायरमन मामा भेटले, मागच्या साली पण तेच होते, हंगामभर भट्टीसमोर उभे राहून तूस ढकलणारा माणूस. "या जी, यंदा पूरी बारातच घेऊन आले." मी म्हटलं, मामा, आता मी इन्चार्ज झालो. "मंग पेढे?"

सकाळी सरांनी अर्धा तास बोलून घेतलं. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, त्याच्यावरून पहिला कायदा झाला, मग 1923 चा आला जो आपण एवढी वर्षं पाठ केला, अन् आता 2025 चा नवा, वगैरे. इथपर्यंत माझी अर्धी झोप झाली होती. पण तुसाचं सांगायला लागले तेव्हा मी पण नीट ऐकलं. 100 किलो तूस जाळलं की 20 किलोच्या आसपास राख राहते, अन् त्या राखेत बहुतेक सगळी सिलिका, म्हणजे रेतीच समजा. ती रेती धुरासोबत पाईपांवर आपटत जाते, महिनोन् महिने. कोळशाच्या बॉयलरवर हात बसलेला माणूस राईस मिलमध्ये येऊन फसतो तो इथं, कारण झीज सगळीकडं सारखी होतच नाही, धूर जिथं वळतो तिथल्या दोन-चार पाईपांचा बळी जातो, शेजारचा पाईप मात्र नव्यासारखा राहतो. धान उकडायची वाफ याच बॉयलरची, पण उकडा तांदूळ खाताना कोणाच्या डोक्यात हे येणार आहे.

मग जोड्या पाडल्या. जुने रिपोर्ट कोणाला दाखवायचे नाहीत, आपापलं मोजायचं अन् शेवटी जुळवायचं. आत उतरायच्या आधी हवा तपासली, 24 व्होल्टचा लाईट आत सोडला, बाहेर एक माणूस नुसता नावं लिहायला बसवला. माझ्यासोबत एक पोरगी दिली, आर्वीकडची, डिप्लोमा झालेली, महिनाभरापूर्वी लेव्हल 2 पास झालेली. अशा नव्या लोकांना आम्ही जुने लोक पहिले दोन तास फक्त पाईप घासायला लावतो, खोटं कशाला बोलू. तिनं गुमान घासले. मग म्हणाली, दादा, मी पण मोजते.

मागच्या रांगेतल्या वळणाजवळच्या पाईपाशी ती थांबली. परत घासलं, परत पेस्ट लावली, प्रोब आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, पाईपवर तसंच करायचं असतं अन् दोन्हीतलं कमी रीडिंग धरायचं असतं. मग हळूच म्हणाली, "दादा, इथं 1.4 येऊन राहिलं."

मी हसलो. म्हटलं, ताई, नवीन पाईप 4.06 मिमीचा आहे, शेजारचा 3.5 आहे, हा एकदम 1.4 कसा होईल, पेस्ट कमी पडली असेल. सरक. अन् माझं मशीन टेकवलं. 2.8. बदलायची हद्द 2.6 होती, म्हणजे पाईप पास. तिला आकडा दाखवला, तिनं माझ्या मशीनकडं पाहिलं, स्वतःच्या मशीनकडं पाहिलं, अन् म्हणाली, दादा, तुमचं बरोबर दुप्पट आहे.

दुप्पट. मी तेव्हा पण हे योगायोगावर टाकलं बरं का. उलट बाहेर तोंड काढून सरांना आवाज दिला की हिचं मशीन बिघडलं आहे.

सरांनी दोन्ही मशीन बाहेर मागवल्या. मशीनच्या पुढच्या बाजूला 4 मिमीची एक चकती असते, रोज सकाळी त्यावर तपासून काम सुरू करायचं, मी हे कधीच चुकवलेलं नाही. माझं 4.0, तिचं 4.0. मी मनात म्हटलं, आता बोला. सरांनी पिशवीतून लोखंडाची पायऱ्यांची पट्टी काढली. 5 च्या पायरीवर दोघांचं बरोबर. 3 वर पण बरोबर. मग 1.5 च्या पायरीवर तिचा प्रोब टेकवला, 1.5. माझा टेकवला.

3.0.

पावसाची भुरभुर सुरू झाली होती, शेडवर आवाज येत होता, बाकी कोणी काही बोलेना. सरांनी माझा प्रोब उलटा करून त्यावरचा नंबर मला वाचायला लावला. 2 मेगाहर्ट्झ. आमच्या मशीनचा नेहमीचा प्रोब 5 मेगाहर्ट्झचा, तो 1.2 मिमीपर्यंत मोजतो. हा 2 वाला जाड अन् ओबडधोबड कास्टिंगसाठी, तो 3 मिमीच्या खाली चालतच नाही, तसं पुस्तकात छापलेलं आहे, ते पुस्तक माझ्याच डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद होतं. पत्रा फार पातळ असला की पहिली लाट इतक्या लवकर परत येते की असा प्रोब ती पकडतच नाही, दुसऱ्यांदा आपटून आलेली पकडतो, अन् मशीन जाडी दुप्पट सांगते. म्हणजे पाईप जितका संपत आला तितका तो कागदावर ठणठणीत. आणि रोजची ती 4 ची चकती, जी मी इमानदारीनं तपासत होतो, ती 3 च्या वरच असल्यामुळं तिच्यावर हे कधी दिसणारच नव्हतं. वर्षभरापूर्वी गडचांदूरकडच्या कामावर माझ्या 5 वाल्याची वायर तुटली, स्टोअरमधून दुसरा मिळाला, तसाच काळा, तसाच गोल, तीच पिन. मी लावला अन् विसरलो.

मग मागच्या वर्षीचा रिपोर्ट उघडला. तोच पाईप, 3.3. खाली माझी सही. सर काहीच बोलले नाहीत, कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं 3.3 भागिले 2 केलं, 1.65 लिहिलं, अन् कागद पुढं सरकवला. म्हणजे हा पाईप मागचा आख्खा हंगाम 1.65 पासून सुरू होऊन 1.4 पर्यंत आला होता, साडेदहा किलोच्या प्रेशरवर, अन् त्याच्यासमोर मामा.

मामा तिथंच उभे होते, सगळं ऐकत. त्यांनी मला विचारलं नाही, सरांना विचारलं, "साहेब, म्हंजे काय झालं असतं?" सरांनी खोटं घाबरवलं नाही हे मला आवडलं. म्हणाले 1.4 चा पाईप पण तेवढा दाब सोसतो, पण झीज एकसारखी नसते, आपण मोजलं त्याच्याहून पातळ जागा असू शकते. शेठला पण आता पाहायचंच होतं. दुपारी गॅसवाला बोलावून पाईप कापला. वळणाच्या आतल्या अंगाला, जिथं प्रोब बसतच नाही, तिथं व्हर्निअरनं 0.9 निघाला. एका बाजूला जाड अन् दुसऱ्या बाजूला पुरणपोळीच्या कडेसारखा. तो तुकडा हातोहात फिरला, माझ्या हातात आला तेव्हा मला मागच्या वर्षीचं आठवलं, काम संपल्यावर मामांनी चहा देताना विचारलं होतं, "ठीक हाय ना जी?" अन् मी म्हटलं होतं, एकदम टनाटन. त्याच रांगेतले आणखी दोन पाईप तसेच निघाले.

परत येताना मी सरांच्या गाडीत बसलो. म्हटलं सर, ते इन्चार्जचं राहू द्या. सर खिडकीतून धानाचे बांध पाहून राहिले होते, म्हणाले ते ऑफिस पाहील, तू आधी मला सांग, हा प्रोब लावल्यापासून कुठं कुठं काम केलं. मी डायरी काढली. सहा जागा. ते म्हणाले पोळ्याच्या आत सहाही ठिकाणी फोन गेला पाहिजे, तूच करायचा, अन् गोल गोल बोलायचं नाही, मशीनमध्ये गडबड होती असं म्हणायचं नाही, मी चुकीचा प्रोब लावला असं म्हणायचं. नोकरी गेली असती तर बरं झालं असतं असं मला त्या दोन दिवसांत कितीदा तरी वाटलं. एका शेठनं अर्धा तास शिव्या दिल्या. एकानं "बरं झालं सांगितलं" म्हणून फोन ठेवला, त्याची जास्त लाज वाटली. तीन ठिकाणी पत्रे 8 अन् 10 मिमीचे होते, तिथं प्रश्न नव्हता. एक जिनिंगमधली हवेची टाकी, ती परत मोजली, 7.6, दोन्ही प्रोबनं सारखी. राहिल्या दोन राईस मिल. तान्ह्या पोळ्याला पोरगा लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरत होता तेव्हा मी आमगावकडच्या मिलमध्ये पाईपात डोकं घालून होतो, आर्वीवाली सोबत, ती मोजत होती अन् मी घासत होतो. तिथं एक पाईप निघाला. दुसऱ्या मिलमध्ये काही नाही.

पुढच्या सोमवारच्या मेसेजमध्ये ऑफिसनं एवढंच टाकलं की यापुढं पातळ पाईप मोजताना 4 च्या चकतीसोबत 1.5 ची पायरी पण तपासायची अन् प्रोबचा नंबर रिपोर्टवर लिहायचा. कोणाचं नाव नव्हतं. कारण अकराही जणांना माहीत होतं. माझं इन्चार्जपण राहिलं, पण पेढ्यांचं कोणी काढलं नाही.

दिवाळीनंतर नवीन धान आलं, मिल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी तिथं परत गेलो, नवे पाईप मोजायला. मामा भट्टीच्या दाराशी बसून होते. चहा दिला. मी डबा उघडला तसे जवळ आले, चष्मा वर केला अन् हात पुढं केला.

"ते काळं दाखवा बरं जी. 2 चं तर नाही ना?"

मी प्रोब त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरून, तोंडानं पुटपुटत, नंबर वाचला.

"5 हाय. मोजा."