क्वालालंपूर ते पिनांग, सोबत दोन वर्षांचं पोरगं

आम्ही क्वालालंपूरला राहायला आलो तेव्हा चिरंजीव नुकते चालायला लागले होते, आता ते पळतात आणि आम्ही मागे. भारतातून आईबाबा आले होते, त्यांना घेऊन पिनांग बेटावर जाऊन आलो, म्हणजे दोन वर्षांचं एक आणि सत्तरीच्या आसपासचे दोन, अशी वरात. कुठे काय बघायचं याच्या याद्या नेटवर ढिगाने मिळतात, पण लहान मूल घेऊन तिथे दिवस कसा काढायचा हे कुणी फारसं सांगत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी घड्याळाचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. मलेशियाचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. १९८२ च्या १ जानेवारीला त्यांनी ते अर्धा तास आणखी पुढे सरकवलं, त्यामुळे इथे घड्याळ आणि सूर्य यांचं जमतच नाही. सूर्य उगवतो सात-सव्वासातला, डोक्यावर येतो तो बाराला नाही तर साधारण सव्वाएकला, आणि मावळतोही सात-साडेसातच्या दरम्यान, वर्षभर जवळपास तसंच. आता भारतात सातला उठणारं बाळ इथे आल्या आल्या साडेनऊला उठणार, मग दूध, तोंड धुणं, नाश्ता, चपला शोधणं होईपर्यंत अकरा, आणि तोवर बाहेर रस्ता तापलेला. आईबाबांचं पण तेच झालं. पहिले दोनतीन दिवस झोपेशी मारामारी करू नका, उलट संध्याकाळ वापरा. इथली पोरं रात्री आठ-साडेआठला बागेत घसरगुंडीवर असतात, कुणी नावं ठेवत नाही. क्वालालंपूरला जुळ्या टॉवरच्या पायथ्याशी केएलसीसी पार्क आहे, तिथे मुलांना खेळायला मोठी जागा आणि उथळ पाण्याचं तळं, तिकीट वगैरे काही नाही. दुसरे कोरडे कपडे मात्र बरोबर हवेतच.

एकदा झोप सरकली की आमचं वेळापत्रक असं असतं: आठ ते अकरा बाहेर, नंतर आत, जेवण, झोप, बहुतेक वेळा तीन-चारच्या सुमारास धो धो पाऊस आणि विजा, आणि पाच-साडेपाचनंतर पुन्हा बाहेर. मधले सहा तास गेलेच असं धरून चाला. "एवढे पैसे खर्चून आलोय आणि हॉटेलात झोपायचं?" असं बाबा म्हणाले, मग एका दुपारी हट्टाने एकटेच बाहेर पडले आणि तासाभरात घामाने निथळत परत आले, नंतर विषय निघाला नाही.

जाताना रेल्वेने गेलो. क्वालालंपूरच्या मुख्य स्टेशनावरून, म्हणजे केएल सेंट्रलहून, बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थला ईटीएस नावाची गाडी जाते, चार-साडेचार तास. विमान जेमतेम तासाचं आहे पण विमानतळावरची रांग, सिक्युरिटी, प्राम उघडा-मिटा, कानाचं रडणं हे सगळं धरलं तर मूल लहान असताना रेल्वेच बरी, निदान डब्यात फेऱ्या मारता येतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा, शनिवार-रविवार आणि सणासुदीला गाड्या भरतात. आणि डब्यातला एसी, काय सांगू, बाहेर बत्तीस-तेहतीस डिग्री आणि आत मूल कुडकुडतंय. पायमोजे, स्वेटर, एक पातळ पांघरूण हे उष्ण देशात जाताना कुणी भरत नाही पण इथे रेल्वे, बस, मॉल सगळीकडे लागतं. वाटेत इपोह शहराच्या आजूबाजूला चुनखडीचे उभे डोंगर दिसतात, आणि पुढे बुकित मेराहच्या तलावावरून गाडी जाते तेव्हा दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, आमचं पोरगं काचेला नाक लावून "पाणी, पाणी, पाणी" एवढंच म्हणत होतं, ते बघून शेजारच्या बाईंनी त्याला बिस्किट दिलं.

बटरवर्थ स्टेशनातून चालतच फेरीच्या धक्क्यावर जाता येतं, आणि बोट पाव तासात बेटावरच्या जॉर्जटाउनला उतरवते. पिनांगला दोन पूल आहेत, जुना १९८५ चा साडेतेरा किलोमीटरचा आणि २०१४ चा त्याहून लांब, टॅक्सी पुलावरूनही नेते, पण मूल असेल तर बोटच. मोठी बॅग आणि प्राम असेल तर एकाने फक्त मूल धरायचं, दुसऱ्याने बाकी सगळं.

जॉर्जटाउन, म्हणजे जुनं शहर, २००८ पासून मलाक्क्याबरोबर युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. सुंदर आहे, पण प्रामसाठी अजिबात नाही. जुन्या दुकानघरांच्या पुढे छत असलेला व्हरांडा असतो, सलग, रस्त्याच्या कडेने, ऊन-पाऊस दोन्हींपासून वाचायला एकदम मस्त. पण प्रत्येक दुकानापुढे त्याची उंची वेगळी, मध्येच पायरी, मध्येच लावलेली मोटरसायकल, मध्येच उदबत्त्या लावलेला लाल देव्हारा जो नेमका पोराच्या हाताच्या उंचीवर. दर वीस पावलांवर प्राम उचलायची आणि ठेवायची. मूल अंगाशी बांधायचं कॅरिअर बरं पडतं, पण जाळीचंच घ्या, साध्या कापडाच्या कॅरिअरमध्ये पोटाशी मूल म्हणजे दोघांनाही घामोळं. आर्मेनियन स्ट्रीटवर सायकलवरच्या दोन मुलांचं ते प्रसिद्ध भित्तिचित्र आहे, २०१२ चं, तिथे फोटोसाठी दहानंतर रांग लागते, आठला गेलात तर कुणी नसतं. गावात फिरायला कॅट नावाची फुकट बस आहे. आमच्याकडच्यांना त्या चित्रापेक्षा बसच जास्त आवडली.

च्यू जेट्टीला जाणार असाल तर लक्ष ठेवा. समुद्रात खांबांवर उभी असलेली चिनी कुटुंबांची जुनी वस्ती आहे, फळ्यांची वाट, आणि टोकाला कठडा नाही. तिथे मूल खाली सोडायचं नाही, हात धरूनसुद्धा नाही, कडेवरच. आणि लोक खरंच तिथे राहतात, तेव्हा कुणाच्या दारातून आत डोकावत फोटो काढू नका.

सगळ्यात जास्त आवडला तो पिनांग हिल. आयर इताम इथून वर जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आहे, १९२३ पासूनची, डबे अर्थात आताचे नवे, आणि चढ इतका तीव्र की आईने डोळेच मिटून घेतले. वर चार-पाच डिग्री तरी थंड असतं, आणि पूर्ण मुक्कामात तेवढा एकच भर दुपारचा वेळ आम्ही बाहेर काढू शकलो. कानाला दडे बसतात, तेव्हा चढताना-उतरताना मुलाला पाण्याची बाटली किंवा दूध तोंडात द्या. सकाळी लवकर जा, शनिवार-रविवार टाळा, रांग उन्हात नसली तरी रांगच असते आणि दोन वर्षांच्या पोराला रांग हा प्रकार मान्य नसतो.

वर गेल्यावर खाण्याची पिशवी बंद ठेवा, माकडं आहेत. दोन प्रकारची दिसतात. एक आपल्या ओळखीची, लांब शेपटीची, चिप्सचं पाकीट हिसकणारी, त्यांच्या डोळ्यात बघायचं नाही, हसून दात दाखवायचे नाहीत, आणि मुलाच्या हातात काही खाऊ द्यायचा नाही. दुसरी म्हणजे वानरं, काळपट राखाडी, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी, शांतपणे पानं खात बसतात. त्यातल्या एका आईच्या पोटाशी पिल्लू होतं, आणि ते चक्क नारिंगी! ही पिल्लं जन्मतात तेव्हा अशीच असतात आणि पुढे काही महिन्यांत रंग बदलत जातो. आईने एक डहाळी ओढून घेतली, कोवळी पानं तेवढी खाल्ली, बाकीची टाकून दिली, आणि पिल्लाने त्या टाकलेल्या पानाकडे हात पुढे केला तर त्याला परत आत ओढून घेतलं. माझी आई म्हणाली, "बघ, सगळीकडे सारखंच."

बातू फेरिंगीचा समुद्रकिनारा मात्र मला तितकासा भावला नाही. वाळू छान, सूर्यास्त छान, पण पाणी गढूळ आणि जेलीफिश असतात, काही जास्त विषारीसुद्धा. लहान मुलाला तिथे पाण्यात उतरवू नका, वाळूत खेळू दे. चुकून डंख झालाच तर चोळायचं नाही, व्हिनेगर ओतायचं आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं. पोहायला हॉटेलचा पूल, म्हणून हॉटेल घेताना उथळ मुलांचा पूल वेगळा आहे का आणि त्यावर सावली आहे का हे बघून घ्या. गडगडायला लागलं की पूल बंद करतात, त्यावर वाद घालू नका, इथे विजा खरंच फार पडतात. त्याच रस्त्याने पुढे तेलुक बहांगला एन्टोपिया म्हणून फुलपाखरांची बाग आहे, तिथे मात्र अर्धा दिवस सहज जातो. बागेत दमट गरम होतं, पण दुसरा भाग एसी आहे, तेव्हा आधी बाग आणि मग आत. लाल-पिवळे कपडे घातले की फुलपाखरं अंगावर बसतात असं म्हणतात, आमच्याकडे ती बाबांच्या टकलावर बसली.

आता डास. मलेशियात डेंगी वर्षभर असतो. तो पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी मावळायच्या आधी जास्त. म्हणजे वर ज्या वेळा बाहेर पडायला चांगल्या म्हणून सांगितल्या नेमक्या त्याच! त्याला इलाज नाही, पातळ सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पॅन्ट, आणि डीईईटी हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम किंवा स्प्रे. दोन महिन्यांवरच्या बाळाला ते चालतं, तीस टक्क्यांच्या वर नको, आणि आधी आपल्या हातावर घेऊन मग लावायचं, मुलाच्या तळहातांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ नाही. लेमन युकॅलिप्टसचं तेल "नैसर्गिक" म्हणून लोक घेतात, पण ते तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नसतं. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डासांचं. इथे राहणार असाल तर बाल्कनीतल्या कुंड्यांच्या बशा, एसीच्या पाण्याची बादली आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासायचीच, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

परतायच्या आदल्या दिवशी चिरंजीवांना ताप आला. हॉटेलजवळच्या खासगी क्लिनिकमध्ये नेलं, बघितलं, तिथल्या तिथे रक्त तपासलं, डेंगी नव्हता, साधा व्हायरल. इथे क्लिनिकमध्ये औषधंही तिथेच देतात, केमिस्ट शोधायला लागत नाही. ताप आला तर पॅरासिटामॉलच द्यायचं, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही, डेंगी असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. घरून सिरप आणणार असाल तर बाटलीवर पाच मिलीत किती मिलिग्रॅम ते बघा, १२० ची पण असते आणि २५० ची पण, आजी एका बाटलीच्या सवयीने दुसरी देते आणि घोटाळा होतो. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं डेंगीत नसतं, उतरताना पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल होणं असं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९९. पाळणाघरात घालणार असाल तर हात-पाय-तोंडाचे फोड येणारा तो एचएफएमडी पण माहीत असू द्या, इथे खूप असतो आणि तो झाला की पाळणाघर मुलाला घेत नाही, म्हणजे तुमचीही सुट्टी गेली.

खाण्याचं इतकं कठीण नाही. साधी रोती चनाई (पराठ्यासारखी असते), भात आणि डाळ, इडली, डोसा, पपई, केळी, यावर आमचं पोर खूश होतं. जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात लेबू पासार या रस्त्याच्या आसपास केळीच्या पानावर जेवण मिळतं आणि आईबाबांचीही सोय होते. तिखट नको असेल तर "ताक पेडास", साखर कमी हवी तर "कुरांग मानिस", एवढं म्हणता आलं तर पुरे, कारण इथे चहापासून ज्यूसपर्यंत सगळ्यात साखर किंवा कंडेन्स्ड मिल्क. शाकाहारी मंडळींनी सांबालपासून, म्हणजे इथल्या मिरचीच्या चटणीपासून जपून, त्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, भाजी "शुद्ध" दिसली तरी विचारा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्या एकत्र असतात तिथे, मुलाची उंच खुर्ची क्वचितच मिळते, मांडीवर घ्यायची तयारी ठेवा. नळाचं पाणी उकळून किंवा फिल्टरचंच. आणि हॉटेलच्या खोलीत डुरियन हे उग्र वासाचं फळ नेऊ नका, दंड लावतात, काही ठिकाणी मँगोस्टीनलाही बंदी असते कारण त्याचा डाग जात नाही.

बारीकसारीक राहिलेलं: प्लग इथे तीन चौकोनी पिनांचा, आपला चार्जर जात नाही, ॲडॉप्टर आणा. भारतातून येणाऱ्यांनी डिजिटल अरायव्हल कार्ड यायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, बाळाचंही वेगळं. डिसेंबर ते फेब्रुवारी पिनांगला पाऊस कमी, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओला. जूनपासून पुढे कधीकधी सुमात्राकडून जंगलं-शेतं जाळल्याचा धूर येतो, हवेच्या प्रदूषणाचा सरकारी आकडा (एपीआय) १०० च्या वर गेला तर मुलाला बाहेर काढू नका, त्या दिवशी मॉलच. चिनी नववर्षाला बरीचशी दुकानं बंद आणि गाड्या फुल्ल.

परतीचं रेल्वे तिकीट दुपारच्या जेवणानंतरच्या गाडीचं काढा. तसंही ते दुपारचे सहा तास बाहेर पडता येत नाहीच, आणि पोरगं इपोहपर्यंत झोपतं.